मोबाईल मतदान ॲप: मत चार मिनिटांत झालं, पण मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये

स्टार: ५ पैकी २

आमच्या शिक्षण संस्थेतल्या कर्मचारी कल्याण मंडळाची निवडणूक यंदा पहिल्यांदा मोबाईल ॲपवर झाली, त्याचा हा अनुभव. संस्थेचं नाव, ॲपचं नाव काही लिहीत नाही, मी अजून तिथंच नोकरीला आहे. पण ज्यांच्या असोसिएशनमध्ये, अपार्टमेंटमध्ये, माजी विद्यार्थी मंडळात असलं ऑनलाईन मतदान आणायचं चाललंय त्यांनी जरा वेळ काढून वाचा, मोठं झालंय लिहिणं.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. पूर्वी मतदान सांगलीत मुख्य शाखेच्या हॉलमध्ये व्हायचं, रविवारी, कागदावर. जत, कवठेमहांकाळकडची माणसं पहाटेची एसटी धरून यायची, पाय दुखणारे, बाळंतीण झालेल्या मॅडम, कुणी आजारी, ते येऊच शकायचे नाहीत. यंदा एसएमएसवर लिंक आली, कर्मचारी नंबर टाकला, ओटीपी आला, चोवीस उमेदवारांचे फोटो आणि चिन्हं समोर, अकरा जणांवर टिक करायची आणि सबमिट. मराठी अक्षरं स्वच्छ, एकदाही अडकलं नाही, बारावी टिक केली तर लगेच सांगतं की जास्त झालं. निकाल संध्याकाळी सहा वाजता. मागच्या वेळी मोजणी रात्री दीडपर्यंत चालली होती आणि मतपत्रिका बाद झाल्यावरनं भांडणं वेगळीच. हे दोन स्टार त्याचेच.

आता बाकीचे तीन कुठं गेले ते.

मतदान शनिवारी होतं, शाळा सकाळची. छोट्या सुट्टीत मुख्याध्यापकांचा निरोप आला की ॲप काही जणांना चालत नाहीये, एकेकानं मोबाईल घेऊन केबिनमध्ये या, मदत करतो. गेले. चहा सांगितला, शेजारची खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, बसा मॅडम, उघडा लिंक. मी म्हटलं सर मला येतं, घरी जाऊन करते. तर हसले, म्हणाले दोन मिनिटांचं काम, इथंच उरकून टाका, कपबशी पॅनेल टू पॅनेल. आवाज चढवला नाही, धमकी नाही, काही नाही. पण माझा वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव पाच महिने त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे हे त्यांना माहितीय आणि मलाही माहितीय. मी अकरा कपबश्यांवर टिक केली. सबमिट दाबलं तेव्हा ते स्क्रीनकडं बघत होते. इतकी वर्षं नोकरी झाली, असं कधी वाटलं नव्हतं जसं त्या दिवशी वर्गात परत जाताना वाटलं.

माझं सोडा. आमच्याकडं एक शिक्षण सेवक पोरगी आहे, अजून तीन वर्षं पुरी व्हायचीत, म्हणजे कायम व्हायचीय. ती हुशार, लिंक आदल्या रात्री सुरू झाल्या झाल्या तिनं घरी बसून तिला पाहिजे त्यांना मत देऊन टाकलं, म्हणजे शनिवारी कुणी बोलावलं तर माझं झालं म्हणून सांगता येईल. तिला केबिनमध्ये विचारलं, झालं ना, मग पावती दाखवा. आणि इथं हे ॲप काय करतं बघा, मत दिल्यावर एक पीडीएफ तयार होते, त्यात तुमचं नाव, कर्मचारी नंबर, वेळ, आणि तुम्ही ज्या अकरा जणांना मत दिलं त्यांची नावं फोटोसकट. खाली हिरवं बटण, व्हॉट्सॲपवर शेअर करा. तिनं दाखवली. दाखवणार नाही म्हटलं असतं तरी त्याचा अर्थ सगळ्यांना कळलाच असता. नंतर स्टाफरूममध्ये अर्धा तास रडत होती, मॅडम मी काय चुकीचं केलं हो, एवढंच म्हणत होती.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. ती कुणाला न दाखवता मत देऊन आली होती आणि ॲपनं ते मत नंतर उघडं केलं. माझं मुख्य म्हणणं हेच आहे की दबावाखाली मत देणाऱ्या माणसाला वाचवायचं असेल तर त्याच्या हातात पुरावा ठेवून चालतच नाही. पुरावा असला की मागणारा येतोच, आणि तो नुसता धमकावणारा नसतो, पैसे वाटणाराही असतो, पावती आणा पाकीट न्या. पुरावाच नसेल तर माणूस तोंडावर हो म्हणू शकतो आणि मत स्वतःच्या मनाचं देऊ शकतो. आपल्याकडं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायला लावतात हे काय कुणाला नवीन नाही, पण शपथ घेतलेला माणूससुद्धा पडद्याआड गेल्यावर त्याचा हात त्याचा असायचा.

मी शिक्षक असल्यामुळं इलेक्शन ड्युटी बऱ्याचदा केलीय, त्यामुळं यातलं थोडं कळतं. ट्रेनिंगमध्ये सांगतात की मतदान कक्ष खिडकीजवळ नको, बॅलेट युनिटभोवती पुठ्ठ्याचा आडोसा, आम्ही अधिकारीसुद्धा आत डोकवायचं नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ४९ एम नियम तर असा आहे की गुप्तता राखून मत देणं मतदारालाही सक्तीचं, सांगूनही ऐकलं नाही तर केंद्राध्यक्ष त्याला मत देऊ देत नाही. म्हणजे गुप्तता ही फक्त माझी सोय नाही की मी मनात आलं की सोडून द्यावी, कारण मला सोडायची मुभा दिली की उद्या कुणीतरी मला सोडायला लावणार. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९४ आहे, कुणाला मत दिलं हे सांगायला साक्षीदारालाही भाग पाडता येत नाही. कोर्टात साक्षीदाराला जे विचारता येत नाही ते आमच्याकडं चहा पाजून विचारलं. आमचं मंडळ म्हणजे काय विधानसभा नाही, हे नियम आम्हाला लागू नाहीत, मान्य, पण ॲप बनवणाऱ्यांनी निदान नजरेखालून तरी घालायचे.

ड्युटीवर लोक नेहमी विचारतात, मशीनमधली चिठ्ठी सात सेकंद काचेतनं दिसते आणि खाली पेटीत पडते, ती हातात का देत नाही हो. ही चिठ्ठी दाखवणारं यंत्र म्हणजे व्हीव्हीपॅट, ते पहिल्यांदा २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत वापरलं, तेव्हापासनं तसंच आहे. आता मला त्याचं उत्तर पोटतिडकीनं देता येईल. तुम्हाला खात्री पटावी म्हणून ती दिसते, आणि दुसऱ्याला दाखवता येऊ नये म्हणून ती हातात येत नाही. आमच्या ॲपवाल्यांनी पावती दिली ती पारदर्शकता म्हणून, जाहिरातीत तेच पहिलं लिहिलंय.

हा प्रश्न काय आजचा नाही. मी गणित शिकवते त्यामुळं मग रात्री बसून वाचत गेले. जॉश बेनालो आणि ड्वाइट ट्युइन्स्ट्रा या दोन अभ्यासकांनी १९९४ मध्येच मांडलं होतं की इलेक्ट्रॉनिक मतदानात मतदाराकडं पावती उरता कामा नये, अगदी त्याला स्वतःला सिद्ध करायचं असलं तरी करता येऊ नये. २००५ मध्ये जुएल्स, कातालानो आणि याकोबसन यांनी पुढचं सुचवलं, मतदाराला मत देण्यासाठी जी गुप्त खूण मिळते तशीच एक खोटी खूण त्याला स्वतःला तयार करता यावी. मानगुटीवर कुणी बसलं तर खोटी खूण टाकून मत द्यायचं, स्क्रीनवर सगळं सेम दिसतं, समोरचा खूश होऊन जातो, आणि मोजणीत ते मत गुपचूप गळून पडतं. नंतर एकटं असताना खऱ्या खुणेनं खरं मत. मला हे वाचून त्या पोरीचीच आठवण झाली. २००८ मध्ये सिव्हिटास नावाची सिस्टीम या कल्पनेवर बांधलीसुद्धा. वापरायला अवघड आहे, मतदाराला ती खूण सांभाळता आली पाहिजे आणि ती त्याला देताना कुणी शेजारी बसलेलं नको, हे मान्य. पण निदान विचार तरी कुठल्या बाजूनं करायचा ते कळतं.

एस्टोनिया या युरोपातल्या छोट्या देशानं त्यापेक्षा साधा रस्ता काढला. तिथं २००५ पासून इंटरनेटवर मतदान आहे, २०२३ च्या संसदेच्या निवडणुकीत तर निम्म्याहून जास्त मतं ऑनलाईन पडली. तिथं मत कितीही वेळा परत देता येतं, शेवटचं धरतात, आणि केंद्रावर जाऊन कागदावर दिलं तर ऑनलाईन दिलेलं रद्द. म्हणजे साहेबांनी केबिनमध्ये बसवून घेतलं तरी रात्री घरी बदलता येतं, आणि साहेबांना हे माहीत असतं म्हणून साहेब बसवायच्या भानगडीतच पडत नाहीत. सुरुवातीला तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी या फेरमतदानाला हरकत घेतली होती, ऑनलाईनवाल्यांनाच मत बदलायची संधी म्हणजे समानता कुठं राहिली म्हणून, पण सुप्रीम कोर्टानं ते टिकवलं, कारण दबाव मोडायचा तो एक मार्ग आहे. मत नीट पोचलं का ते तिथं दुसऱ्या मोबाईलवर तपासता येतं, पण थोड्याच मिनिटांपुरतं, आणि ते कुणाला दाखवलं तरी उपयोग नाही कारण नंतर बदललं असेल की नाही हे बघणाऱ्याला कळत नाही.

आमच्या ॲपवर लाल अक्षरात लिहिलंय, एकदा दिलेलं मत बदलता येणार नाही. हे कुठनं आलं असेल याचा मला अंदाज आहे, कंपन्यांच्या सभांचं ई-व्होटिंग असतं ना शेअरहोल्डरचं, त्याच्या नियमात असंच आहे की एकदा मत टाकलं की बदलता येत नाही. तिथं ते चालत असेल, पण जिथं शिपायापासून मुख्याध्यापकापर्यंत सगळे एका छपराखाली आहेत आणि वरच्याची सही खालच्याला लागते, तिथं हेच वाक्य फास होतं. एकदा केबिनमध्ये बोट दाबून घेतलं की पाच वर्षं विषय संपला.

शिपाई मामांचं तर वेगळंच. त्यांच्याकडं बटणाचा फोन, त्यात लिंक उघडत नाही. त्यांना ऑफिसात बोलावून फक्त ओटीपी विचारला आणि बाकी सगळं क्लार्कच्या कॉम्प्युटरवर. मी विचारलं मामा कुणाला दिलं, तर म्हणाले, "मला काय ठावं मॅडम, आकडा सांगितला अन् आलो बघा भाईर." असे आमच्या शाखेत पाच जण, आणि त्या पाचही जणांचं एकाच माणसानं केलं. ड्युटीवर अंध किंवा अपंग मतदाराबरोबर सोबती आत सोडतो तेव्हा ४९ एन नियमाप्रमाणं एका माणसाला एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येतं आणि गुप्तता पाळीन असं लिहून द्यावं लागतं. हा साधा नियम ॲपमध्ये घालायला काय अवघड होतं, एकाच कॉम्प्युटरवरनं पाच कर्मचारी नंबर लागोपाठ लॉगिन झाले हे त्याला कळायला नको?

अजून दोन गोष्टी आहेत ज्या कुणाच्या लक्षात येत नाहीत, म्हणून सविस्तर सांगते.

एक म्हणजे शाखानिहाय निकाल. ॲपनं संध्याकाळी शाखावार कोष्टक टाकलं. मोठ्या शाखेत ठीक आहे, पण आमची जतकडची एक शाखा आहे तिथं मतदार सात. सातपैकी सहा कपबशीला, एक छत्रीला. तो एक कोण हे शोधायला काय डिटेक्टिव्ह लागत नाही, सोमवारी सगळ्यांना माहीत होतं. आपल्या मोठ्या निवडणुकीतही हा प्रश्न आहे, मशीननिहाय आकडे बाहेर येतात म्हणून कुठल्या गावानं, कुठल्या वस्तीनं कुणाला दिलं ते कळतं, मग पाण्याच्या टाकीला, रस्त्याला निधी देताना ते बघितलं जातं. म्हणून चौदा मशीनची मतं एकत्र करून एकदम बेरीज दाखवणारा टोटलायझर निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवला, लॉ कमिशननं २०१५ च्या २५५ व्या अहवालात शिफारस केली, पण तो अजून आलेला नाही. कागदाच्या काळात मोजणीआधी मतपत्रिका मिसळायची सोय तरी होती. आमच्या जुन्या मोजणीतही सगळ्या पेट्या एका सतरंजीवर रिकाम्या करायचे, तेव्हा मला वाटायचं कशाला हा पसारा, आता कळतंय.

दुसरी म्हणजे एक्सेल. पारदर्शकतेसाठी म्हणून ॲपनं प्रत्येक मतपत्रिका नावाशिवाय एक्सेलमध्ये टाकली, कुठल्या मतपत्रिकेवर कुठल्या अकरा टिका. नाव नाही म्हणजे गुप्त आहे असं सगळे म्हणाले. पण गणित बघा. चोवीसातनं अकरा निवडायचे प्रकार होतात २४,९६,१४४, आणि मतदार आम्ही सहाशेच्या आसपास. आता समजा पॅनेलप्रमुखानं प्रत्येकाला सांगितलं, आमचे दहा घे आणि बाहेरच्यातला एक मी सांगतो तो घे. अकरातला कुठला एक सोडायचा याचे ११ प्रकार, बाहेरच्या तेरातला कुठला घ्यायचा याचे १३, म्हणजे १४३ वेगवेगळ्या खुणा. १४३ माणसांना एकेक खूण वाटून दिली की निकालानंतर एक्सेलमध्ये फक्त शोधायचं, आपली खूण सापडली तर माणूस शब्दाला जागला, नाही सापडली तर गद्दार. पॅनेलला तोटा किती, तर प्रत्येकामागं अकरातलं एक मत. अभ्यासक याला इटालियन अटॅक म्हणतात. आमच्याकडं हे यंदा कुणी केलं असं मी म्हणत नाही, पण पुढच्या वेळी करणार नाहीत असंही मला वाटत नाही, कारण आमच्याकडं डोकेबाज माणसं कमी नाहीत. प्रत्येक उमेदवाराची नुसती बेरीज टाकली असती तरी भागलं असतं.

ॲपवाल्या कंपनीच्या हेल्पलाईनला मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा जो मुलगा बोलला तो शांतपणे ऐकणारा होता. म्हणाला मॅडम, पावतीवर नावं दाखवायची की नुसता मत मिळालं असा मेसेज द्यायचा, हे सेटिंग आहे. शाखानिहाय निकाल, एक्सेल, तेही सेटिंग. आम्ही देताना सगळं चालू करून देतो, बंद करा असं क्लायंटनं सांगितलं तर करतो. परत मत द्यायची सोय मात्र सिस्टीममध्येच नाही म्हणाला. मी विचारलं, आमच्या मंडळाकडनं बंद करा असं कुणी सांगितलं नाही का? तर म्हणाला तसा निरोप नाही आला. म्हणून मी कंपनीला स्टार कापतेय आणि आमच्या मंडळालाही सोडत नाहीये. पण सगळं उघडं ठेवून विकायचं आणि झाकायची जबाबदारी ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यावर टाकायची, हे मला पटत नाही. कुलूप लावूनच द्यायला पाहिजे होतं.

त्यापेक्षा हेलिओसवाल्यांचा प्रामाणिकपणा मला आवडला. बेन आदिदा यांनी २००८ मध्ये हे वेबवरचं मतदान बनवलं, मत नीट मोजलं गेलं का ते कुणालाही तपासता येतं, मोठमोठ्या संघटना वापरतात. पण त्यांनी आधीच स्पष्ट लिहून टाकलं की जिथं दबावाची भीती कमी आहे तिथंच हे वापरा. सुरुवातीच्या आवृत्तीत तर चक्क 'माझ्यावर जबरदस्ती करा' अशा अर्थाचं बटण ठेवलं होतं, म्हणजे वापरणाऱ्याला कळावं की घरून मतदान म्हटलं की हे होऊ शकतं. आमच्या ॲपच्या पन्नास पानी माहितीपत्रकात दबाव हा शब्द एकदाही नाही, हॅकिंग चाळीस वेळा असेल. नॉर्वेनं २०११ आणि २०१३ मध्ये इंटरनेट मतदान करून बघितलं आणि २०१४ मध्ये थांबवलं, मताच्या गुप्ततेची धास्ती हे त्यातलं एक कारण. आपल्याकडं बिहारमध्ये २०२५ ला नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाईलवरनं मतदान झालंच आहे, म्हणजे हे उद्या आपल्या दारात येणार. हॅकर लांब कुठंतरी असतो हो, पण मुख्याध्यापक, सासरे, कारखान्याचा शेतकी अधिकारी, बचत गटाची अध्यक्षा, ही माणसं खुर्ची ओढून शेजारी बसतात.

ॲप घ्यायचंच असेल तर माझा सल्ला असा, पावतीवर नावं नकोत, शाखावार निकाल नको, एक्सेल नको, हे तिन्ही करार करतानाच लेखी बंद करून घ्या. मतदान सुट्टीच्या दिवशी ठेवा आणि दोन दिवस ठेवा. मत परत देता येत नसेल तर ते ॲप घेऊच नका, दुसरं बघा. आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी एक पेटी, एक पडदा ठेवाच, पेटीतलं मत ऑनलाईनच्या वर धरा. खर्च वाढेल, थोडाच वाढेल. एक खोली, दोन माणसं आणि पुठ्ठ्याचा आडोसा एवढंच लागतं, आणि ड्युटीला जाऊन ते सगळं मांडता येणारी माणसं आमच्या प्रत्येक शाखेत आहेत.

हे सगळं लिहून मंडळाकडं अर्ज दिलाय, खाली सही माझी एकटीचीच होती. परवा त्या शिक्षण सेवक पोरीनं विचारलं, मॅडम मी पण सही करू का. मी म्हटलं नको, तू आधी कायम हो. काल संध्याकाळी शाळा सुटल्यावर मामा आले, म्हणाले कागद कुठाय तो, आणि माझ्या सहीखाली सावकाश, पूर्ण नाव लिहून सही करून गेले.